बीपीची गोळी लागू पडतेय का, आणि त्रास गोळीचाच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी एका तपासणीत बीपी १६४/९८ निघालं. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केली, महिन्याभराने १० केली. आता मेडिकलमध्ये मोजलं की वरचा आकडा कधी १५२ येतो, कधी १२८. संध्याकाळी पाय सुजतात, अधूनमधून डोकं दुखतं. गोळीबरोबरचा माहितीचा कागद वाचून घरचे घाबरलेत, वडील मनानेच एक दिवसाआड गोळी घ्यायला लागलेत आणि शेजारी म्हणतात कंपनी बदला. गोळीचा गुण येतोय की नाही आणि अपाय होतोय की नाही, हे तपासायचं कसं?

आधी उत्तर देतो. सूज बहुतेक गोळीची आहे. डोकेदुखी बहुतेक गोळीची नाही. आणि गोळी लागू पडतेय का, हे तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. ते कळायला तीन-चार आठवडे आणि एक वही लागेल.

पहिली अडचण म्हणजे तुमच्याकडे 'आधीचा' आकडा एकच आहे. १६४/९८ हे एका दिवशी, एका बैठकीत मोजलेलं बीपी. ज्या दिवशी ते खूप जास्त निघतं त्यानंतर पुन्हा मोजलं की काहीही न करता थोडं खालीच येतं. म्हणून औषधांच्या चाचण्यांमध्ये खोटी, म्हणजे आत औषधच नसलेली गोळी दिलेल्या गटाचंही बीपी काही अंशांनी उतरलेलं दिसतं आणि तेवढी घट औषधाच्या खात्यातून वजा करावी लागते. तुमच्या घरी ही वजाबाकी करायला काहीच हाताशी नाही. १६४ चं १५२ झालं ते गोळीने की तसंही झालं असतं, कोण सांगणार? आता तीन महिन्यांमागे जाता येत नाही. तेव्हा आजपासून नीट मोजायला लागा. पुढे डॉक्टरांनी डोस किंवा गोळी बदलली की आज मोजलेलं तेच 'आधीचं' ठरेल.

मेडिकलमधलं मोजणं बंद करा. दुकानदाराचा हेतू चांगला असतो, पण तिथे काय होतं ते आठवून बघा. माणूस उन्हातून चालत येतो, काउंटरशी उभा किंवा स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसतो, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, हात खाली लोंबतो आणि मशीनचा पंप चालू असताना "काय मग, मुलगा पुण्यालाच का?" हे सुरू असतं. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. नुसता हात हृदयाच्या पातळीच्या खाली राहिला तरी वरचा आकडा सहज पाच-दहा अंशांनी जास्त येतो. तुमचे १५२ आणि १२८ हे दोन्ही खरे असू शकतात, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचं मोजमाप आहेत.

घरी दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं नको. विकत घेण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. वडिलांचा दंड जाड असेल आणि पट्टा तोकडा पडत असेल तर मशीन बीपी खोटं वाढवून दाखवेल, आणि त्या खोट्या आकड्यावर खरी गोळी वाढेल. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा, ज्या हाताचं जास्त येईल तोच हात कायम धरा. नाडी अनियमित असेल तर मात्र या मशीनवर विसंबू नका, डॉक्टरांना आधी सांगा.

मोजायची रीत अशी: लघवीला जाऊन या, चहा, तंबाखू, जिना यांपैकी काहीही अर्धा तास आधी नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर. उघड्या दंडावर पट्टा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ च्या खाली असेल तर बीपी ताब्यात आहे असं धरतात. तुमचे डॉक्टर वय आणि इतर आजार पाहून याहून खालचं लक्ष्य ठरवतील.

सकाळी गोळीच्या आधी मोजणं महत्त्वाचं अशासाठी, की त्या वेळी आदल्या दिवसाच्या गोळीचा जोर सगळ्यात कमी असतो. गोळी चोवीस तास पुरते का, हे तिथे कळतं. दुपारी १२८ आणि सकाळी १५० असं दिसलं तर औषध अपुरं पडतंय. ॲम्लोडिपिनमध्ये मात्र हा फरक फारसा दिसू नये, कारण ती रक्तात फार हळू उतरते, निम्मी व्हायलाच तीस ते पन्नास तास लागतात. त्यामुळेच डोस बदलल्यावर तिचा पूर्ण जोर दिसायला आठवडाभर जातो. परवा सुरू केली आणि आज बीपी उतरलं नाही म्हणून बदलली, याला तपासणी म्हणत नाहीत. गोळी सकाळी घ्यावी की रात्री हाही प्रश्न नेहमी येतो. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत, जिचा निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आला, हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांत दोन्ही वेळांचा फरक दिसला नाही. जी वेळ विसरली जाणार नाही ती धरा.

आता वडिलांचा एक दिवसाआडचा कार्यक्रम. गोळी हळू उतरत असल्यामुळे एक दिवस चुकवली तर काही बिघडत नाही असं त्यांना वाटतं, आणि त्या दिवशी मोजलं तर बीपी बरंही दिसेल. पण मग तुम्ही नेमका कोणता डोस तपासताय? १० ची गोळी दिवसाआड म्हणजे ना धड दहा, ना धड पाच. डॉक्टरांना हे सांगितलं नाही तर ते समजतील दहाने भागत नाहीये, आणि दुसरी गोळी जोडतील. माझ्याकडे 'औषधांना दाद न देणारं बीपी' म्हणून चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांत बऱ्याच जणांच्या गोळ्या डबीतच असतात. याचं भान चाचण्या करणाऱ्यांनाही पहिल्यापासून होतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी जी प्रसिद्ध चाचणी केली, तिच्यात मूळ औषध सुरू करण्याआधी लोकांना रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) घातलेल्या खोट्या गोळ्या देत. मग लघवी अतिनील प्रकाशात धरायची. चमकली तर गोळी पोटात गेली, नाही तर गेली नाही. शिवाय उरलेल्या गोळ्या मोजायच्या. या दोन्हींत जे नापास झाले त्यांना चाचणीत घेतलंच नाही. तुम्ही फक्त पाकिटावर तारखा लिहा, तेवढं पुरे.

त्याच चाचणीतून, १९६७ साली, बीपी उतरवल्याने माणसं वाचतात हे पहिल्यांदा ठामपणे दिसलं. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. खोटी गोळी घेणाऱ्यांत २७ गंभीर घटना, औषध घेणाऱ्यांत २. त्या औषधांपैकी एक होतं रेसरपीन, म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं द्रव्य. सर्पगंधेचं नाव बीपीसाठी जगभर गेलं ते मुंबईच्या के.ई.एम.मधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधल्या लेखामुळे. 'झाडपाल्याच्या औषधाला साइड इफेक्ट नसतात' म्हणणाऱ्यांना मी रेसरपीनचंच उदाहरण देतो: नाक चोंदतं, नाडी मंदावते, सुस्ती येते, आणि पूर्वीच्या मोठ्या डोसांवर मन खचल्याच्या तक्रारीही पुष्कळ होत्या. गुण असलेल्या पदार्थाला दोषही असणारच.

आता तुमच्या भीतीकडे येतो. माहितीच्या कागदावरची यादी वाचताना एक गोष्ट तिथे डोळ्यांत भरत नाही: खोटी गोळी घेणाऱ्यांनाही तेच त्रास झाले का, आणि किती? ॲम्लोडिपिनच्या अमेरिकी माहितीपत्रकात हे आकडे आहेत. डोकेदुखी: औषध घेणाऱ्यांत ७.३ टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत ७.८ टक्के. म्हणजे डोकं दुखणारी माणसं दोन्हीकडे सारखीच. पायांची सूज बघा: खोट्या गोळीवर ०.६ टक्के, २.५ मिलिग्रॅमवर १.८, पाचवर ३.० आणि दहावर १०.८. डोसबरोबर पायरी-पायरीने चढणारा त्रास हा औषधाचाच असतो. बायकांमध्ये ही सूज पुरुषांपेक्षा बरीच जास्त आढळते. छातीत धडधड: ०.६ वरून दहाच्या डोसवर ४.५. थकवा: ४.५ विरुद्ध २.८, इथे थोडा हात गोळीचा, बराचसा इतर कशाचा. अशी यादी वाचायची असते. वडिलांची डोकेदुखी म्हणूनच मी गोळीच्या माथी मारायला कचरतो. चष्म्याचा नंबर, झोप, मान, चुकलेला चहा, हे आधी पाहा.

सूज मात्र नीट तपासा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि काढा. खळगा राहतो का? सकाळी उठल्या-उठल्या राहतो की फक्त संध्याकाळी? दोन्ही पायांना सारखी आहे का? ॲम्लोडिपिनची सूज दोन्ही पायांना, दिवस चढेल तशी वाढणारी आणि रात्री पाय वर ठेवून झोपल्यावर उतरणारी असते. एकाच पायाला, दुखरी, गरम सूज असेल तर ती या गोळीची नव्हे, त्याच दिवशी दाखवा. आडवं झाल्यावर धाप लागत असेल, चेहरा सुजत असेल, लघवीला फेस येत असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासल्याशिवाय गोळीवर आळ घालू नका. लघवीतली प्रथिनं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन, गरज वाटली तर थायरॉइड आणि इको, एवढ्यात हे निकाली निघतं.

ही सूज येते कशी, हे समजलं तर पुढची एक चूक टळते. ॲम्लोडिपिन धमन्या सैल करते, शिरा तितक्या सैल करत नाही. धरणाचे दरवाजे उघडले आणि खालचा कालवा तेवढाच अरुंद राहिला तर पाणी कडेने पाझरतं, तसं बारीक केशवाहिन्यांतून पाणी बाहेर येतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी साठलेलं असतं. त्यामुळे लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी हटत नाही. तरी ती सर्रास दिली जाते, मग सोडियम-पोटॅशियम घसरतं, पायात गोळे येतात, त्याला आणखी एक गोळी. एका गोळीचा दोष झाकायला दुसरी, दुसरीचा झाकायला तिसरी, अशा चिठ्ठ्या मला दर आठवड्याला बघायला मिळतात.

कंपनी बदलूनही सूज जाणार नाही. ती द्रव्याची आहे, ब्रँडची नाही. करण्यासारखं वेगळं आहे. २००३ साली ३५४ चाचण्यांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यातून असं दिसलं की बीपीचं एक औषध नेहमीच्या डोसमध्ये वरचा आकडा सरासरी नऊच्या आसपास उतरवतं आणि निम्म्या डोसमध्ये सातच्या आसपास. म्हणजे डोस दुप्पट केला तर हाती लागतात दोन अंश, आणि ॲम्लोडिपिनची सूज मात्र तिपटीहून जास्त. हा सौदा मला तोट्याचा वाटतो. पाचवर भागलं नाही तर दहा करण्याऐवजी पाचच ठेवून वेगळ्या जातीचं दुसरं औषध, बहुतेक वेळा टेल्मिसार्टन, जोडणं मला पटतं. त्याने बीपीही जास्त उतरतं आणि तेच औषध शिरांची बाजूही सैल करत असल्याने सूजही कमी होते. सिल्निडिपिन हाही आपल्याकडे सहज मिळणारा पर्याय आहे, त्यावर सूज कमी दिसते. एस-ॲम्लोडिपिन दिली तर तिची २.५ म्हणजे साधी पाच, हे ध्यानात ठेवा, नाही तर डोस कमी झाला असं वाटेल. यातलं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, पण हे विचारण्यासारखं आहे.

समजा त्यांनी दहाचं पाच केलं. आता खरी परीक्षा. एकाच वेळी एकच बदल. त्याच आठवड्यात मीठ सोडणं, चालायला लागणं, काढा सुरू करणं असं सगळं करू नका (चालणं आणि मीठ कमी करणं दोन्ही हवंच, पण पुढच्या महिन्यापासून). डोस उतरवल्यावर एक-दोन आठवड्यांत सूज ओसरली तर संशय पक्का. पुढे कधी पुन्हा डोस वाढला आणि सूज परतली तर शंका उरतच नाही. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या बीपीच्याच दुसऱ्या जातीच्या गोळ्यांनी येणाऱ्या कोरड्या खोकल्याचंही असंच आहे, फक्त धीर जास्त लागतो: गोळी थांबवल्यावर खोकला जायला एक ते चार आठवडे, काहींना त्याहून जास्त लागतात. चार दिवसांत खोकला गेला नाही म्हणून तो गोळीचा नव्हे असं ठरवू नका.

बंद करून बघण्याचा हा प्रयोग सगळ्या गोळ्यांना चालत नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अचानक थांबवल्या तर छातीत दुखू शकतं, हृदयविकार असेल तर धोकाही होतो. क्लोनिडिन एकदम सोडली तर बीपी उसळून वर जातं. आणि एनालाप्रिल, रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळीवर ओठ, जीभ किंवा घसा सुजला तर तडक हॉस्पिटल, पुन्हा ती गोळी आयुष्यात नाही. तिथे घेऊन बघण्याचा प्रश्नच येत नाही.

आतापर्यंत दिसणारे, जाणवणारे त्रास झाले. काही अपाय मुळीच जाणवत नाहीत, रक्तातच दिसतात. ॲम्लोडिपिनला तशी नेमाने रक्ततपासणी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. टेल्मिसार्टन जोडली तर आधी आणि मग दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्या. क्रिएटिनिन १.० चं १.२ झालं की लोक घाबरून गोळी टाकून देतात. सुरुवातीला तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, पुढे ती थांबायला हवी एवढंच. पोटॅशियमकडे जास्त लक्ष द्या. बाजारात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून ते मीठ आणि वर ही गोळी, त्यात मूत्रपिंड कमजोर, असं जुळून आलं तर पोटॅशियम धोकादायक चढतं. क्लोर्थॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवीच्या गोळ्यांवर सोडियम उतरू शकतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. आजी दोन दिवस गप्प-गप्प आहेत, असंबद्ध बोलतात, तोल जातो, तर वय झालं म्हणून सोडू नका, सोडियम तपासा. युरिक ॲसिडही वाढतं, पायाचा अंगठा लाल होऊन ठणकू लागला तर याच गोळीची आठवण ठेवा.

आणखी एक तपासणी फुकट आहे आणि क्वचितच होते. बसून बीपी मोजा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा अंशांनी पडला तर औषध जास्त होतंय किंवा पाणी कमी पडतंय. पहाटे लघवीला उठताना पडणारी बरीच माणसं यात सापडतात. शेजारी हात धरायला कुणी तरी उभं असू द्या.

वडील गुडघ्यासाठी काही घेतात का, ते लिहिलेलं नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या पेनकिलर बीपी वाढवतात, सूजही आणतात. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे त्रिकूट मूत्रपिंडाला एकदम महागात पडू शकतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड आणि खोकल्यासाठी रोज चघळला जाणारा ज्येष्ठमधही बीपी चढवतो. डॉक्टरांना फक्त चिठ्ठीवरची औषधं सांगू नका.

एवढ्या चाचण्या होऊन बाजारात आलेलं औषध आपण पुन्हा का तपासायचं, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. चाचणीत तीन हजार माणसं असली आणि एखादा अपाय एकालाही झाला नाही, तरी गणित एवढंच सांगतं की तो हजारात एकाहून जास्त नसावा. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तिथे दिसेलच असं नाही. प्रॅक्टोलॉल नावाचं औषध बाजारात आल्यावर १९७० च्या दशकात लोकांचे डोळे कोरडे पडून इजा झाली तेव्हा कुठे ते उमगलं. मिबेफ्राडिल १९९७ मध्ये अमेरिकेत आलं, इतर औषधांशी त्याचं पटत नाही म्हणून वर्षभरात काढून घ्यावं लागलं. आणि डोक्साझोसिन बीपी उतरवत असूनही, २००० साली एका प्रचंड अमेरिकी चाचणीतला त्याचा गट मध्येच बंद केला, कारण क्लोर्थॅलिडोनच्या तुलनेत त्यावर हृदय निकामी होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. वहीतला आकडा सुधारला म्हणजे सगळं झालं असं नसतं. म्हणून ज्या औषधांनी पक्षाघात, हार्ट ॲटॅक टळतात हे सिद्ध झालंय तीच आधी वापरतात, आणि ॲम्लोडिपिन त्यातलीच आहे.

औषधाचा नवा किंवा गंभीर त्रास वाटला तर तुम्ही स्वतःही कळवू शकता. भारत सरकारचा औषध-दक्षता कार्यक्रम गाझियाबादहून चालतो, फोन १८००-१८०-३०२४, पैसे लागत नाहीत. बऱ्याच मेडिकल कॉलेजांत त्याची केंद्रं आहेत आणि रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. त्यात औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, औषध थांबवल्यावर काय झालं आणि सोबत काय काय चालू होतं हे भरायचं असतं. बॅच नंबरही विचारतात, तेव्हा स्ट्रिपचा नंबर छापलेला तुकडा शेवटी कापा.